जायकवाडीचे हेडमास्तर

नळाला पाणी आले की आमच्या घरात अजूनही धावपळ उडते. ते पाणी पन्नास किलोमीटरवरच्या पैठणहून, नाथसागरातून येते. बादली भरताना मला हमखास एका माणसाची आठवण होते. ती म्हणजे शंकरराव चव्हाणांची. शहरातल्या अनेक तरुणांना ते फक्त एक माजी मुख्यमंत्री म्हणून ठाऊक आहेत. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे बोलतो.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 चा, पैठणचाच. घरची परिस्थिती बेताची. हैदराबादला त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले. पण ती वाट सोडून ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात उतरले. पुढे नांदेड हीच त्यांची कर्मभूमी झाली. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि पाटबंधारे खाते त्यांच्याकडे आले. हे खाते त्यांनी जवळजवळ बारा वर्षे सांभाळले.

गोदावरीवरचे धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. नंतर जागा बदलून ते पैठणला आले, नाव मात्र जायकवाडीच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, तर 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, 27 दरवाजे आणि शंभर टीएमसीच्या आसपास साठा असा त्याचा पसारा. डाव्या-उजव्या कालव्यांनी ते पाणी जालना, परभणी, बीडपर्यंत पोचले. कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या मराठवाड्याला त्याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचा पहिला काळ 1975 ते 1977 असा होता. सरकारने 1975 मध्ये कर्जमुक्तीचा निर्णय घेतला. त्यामुळे छोटे शेतकरी, शेतमजूर आणि ग्रामीण कारागीर सावकारी कर्जाच्या फासातून सुटले. कचेरीत वेळेवर या, काम चोख करा, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. थट्टेने म्हणत, पण त्या थट्टेत धाकही असे. 1986 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी इतके खर्चले म्हणून यंदा त्यात थोडी भर घाला, असे चालणार नाही. प्रत्येक खर्च का हवा, हे शून्यापासून पटवून द्यावे लागेल. तत्त्व घरातल्या गृहिणीला सहज कळावे असे होते, पण खात्यांना ते जड गेले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांचा पहिला काळ बहुतांशी आणीबाणीचा होता. शिस्तीचे कौतुक करताना त्या दिवसांतली मुस्कटदाबी विसरता येत नाही. आणि नाथसागरात नुसते पाणी साठले नाही, अनेक गावे, देवळे, काळ्याभोर जमिनीही बुडाल्या. ज्यांनी घरदार दिले त्यांच्या त्यागावर आपली तहान भागते. असे प्रकल्प उभारताना विस्थापितांचा हिशेबही शून्यापासून मांडायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नंतर शंकररावांनी केंद्रात गृह, अर्थ, संरक्षण अशी मोठी खाती सांभाळली. 26 फेब्रुवारी 2004 रोजी ते गेले. धरणाचा प्रश्न मात्र संपला नाही. वरच्या धरणांतून खाली पाणी किती सोडायचे, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात वाद झाले. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, तरी दुष्काळाच्या वर्षी हा वाद कोर्टाच्या दारापर्यंत गेला.

धरण बांधणे हे अर्धेच काम आहे. त्यातले पाणी न्यायाने वाटणे हे उरलेले अर्धे, आणि त्याला हेडमास्तरांचीच शिस्त लागते. ती मंत्र्याला लागते, तशी नळ उघडा टाकून गप्पा मारणाऱ्या तुम्हा-आम्हालाही लागते. उद्या बादली भरली की नळ घट्ट बंद करू या. एवढे तर आपल्या हाती आहे!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)