उजनीभर पाणी, फूटभर हवा

उजनी धरण काठोकाठ भरलं की त्याच्या यशवंतसागर जलाशयात सुमारे 117 टीएमसी पाणी असतं. लिटरमध्ये मोजायचं तर 3 लाख 30 हजार कोटी! एवढ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती असेल? धरणाच्या पाण्यावर टेकलेल्या हवेच्या जेमतेम फूटभर थरात असतो, तेवढाच.

30 अंशांच्या लिटरभर पाण्यात आपल्याकडे प्राणवायू विरघळतो तो साधारण 7 मिलिग्रॅम. लिटरभर हवेत तो त्याच्या 36 पट असतो. माशाला मात्र या 7 मिलिग्रॅमवरच जगायचं असतं.

आता शेततळ्याकडे या. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, उतरत्या काठांचं तळं घेतलं तर पाणी भरतं जवळपास 20 लाख लिटर. त्यातला सगळा प्राणवायू 14 किलो, म्हणजे घरच्या सिलिंडरमधल्या गॅसच्या वजनाएवढा. तोही सगळा कामाचा नाही, कारण लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली मासे हैराण होतात. उरले 8 किलो. दोन टन मासे ताशी सुमारे 600 ग्रॅम प्राणवायू घेतात. बारा तासांच्या रात्रीत 7 किलोंवर संपले. शिवाय दिवसा प्राणवायू देणारं हिरवं शेवाळ अंधार पडला की स्वतःच तो खाऊ लागतं, तळाचा गाळही खातो. म्हणून मासे वर येऊन तोंड वासतात ते पहाटे.

वर एवढी हवा असताना ती पाण्यात का उतरत नाही? उतरते, पण पाणी अगदी निश्चल असेल तर प्राणवायूला नुसतं झिरपत एक मीटर खाली जायला साडेसहा वर्षं लागतात आणि तीन मीटरला जवळपास साठ! हा आकडा मला सगळ्यांत थक्क करतो. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरचं खरं काम यातूनच कळतं. लिटरभर पाण्याचे मिलिमीटरभर व्यासाचे थेंब केले की त्यांचा पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. पॅडल व्हील एरेटर तेच करतं, शिवाय पाणी ढवळून प्राणवायू खालपर्यंत पोचवतं. तरीही रात्रीच्या तळ्यात एक एचपीचं यंत्र तासाला साधारण अर्धा किलोच प्राणवायू घालतं.

तेव्हा शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनो, मत्स्यबीज वाढवण्याआधी वीज गेली तर म्हणून जनरेटरची सोय करा, मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत एरेटर चालू ठेवा आणि प्राणवायू मोजणाऱ्या मीटरचा आकडा दुपारी नव्हे, पहाटे बघा.