बाजू बदलली की चिन्ह बदलतं?

३क्ष + ५ = २० हे समीकरण गृहपाठाला दिलं की पहिली पायरी बहुतेक मुलांची बरोबर येते: ३क्ष = १५. पुढच्या ओळीत घोळ होतो. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे पाठ केलेलं वाक्य आठवतं आणि वहीत उतरतं: क्ष = १५ − ३ = १२.

खरं तर समीकरणात कुठलीच संख्या उडी मारून पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, म्हणून ३क्ष = १५ झालं. आता ३ हे क्षला गुणलेले आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंना ३ने भागायचं. क्ष = ५. ताळा करा: ३ × ५ + ५ = २०, जुळलं. १२ घालून पाहिले असते तर ४१ आले असते आणि चूक तिथल्या तिथे कळली असती. पण आपल्याकडे उत्तर गाइडशी जुळवतात, समीकरणाशी नाही.

"दोन्ही बाजूंना एकाच राशीने भागलं तर काही बिघडत नाही" हा गैरसमज दहावीत वर्गसमीकरणं आली की नडतो. क्षवर्ग = ५क्ष. मुलं दोन्हीकडे क्षने भागतात, क्ष = ५ लिहितात आणि खाली दुहेरी रेघ ओढतात. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून सगळं एका बाजूला घ्यायचं: क्ष(क्ष − ५) = ०. गुणाकार शून्य आला म्हणजे दोहोंपैकी एक तरी शून्य असणारच. क्ष = ० किंवा क्ष = ५.

इथे चुकलेल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी महावीराचार्य आठवावेत. नवव्या शतकातल्या या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह'मध्ये राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती केली आहे. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. ऋण संख्या मुळात वर्गच नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्याच ग्रंथात, शून्याने भागलं तरी संख्या तशीच राहते, असंही लिहिलं. हे चूक आहे: ६ ÷ ० = ६ असेल तर ६ × ० = ६ व्हायला हवं. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३मध्ये छापला तो सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत.

(अ + ब)चा वर्ग म्हणजे अवर्ग + बवर्ग नव्हे, हे ३ आणि ४ घालून लगेच दिसतं. ७चा वर्ग ४९. ९ + १६ मात्र २५. राहिलेले २४ म्हणजेच २अब.

भूमितीत "परिमिती सारखी तर क्षेत्रफळही सारखं" असं मोठी माणसंही धरून चालतात. टॉवेलच्या गावात, म्हणजे सोलापुरात तरी हे खपू नये. ६ फूट × ४ फूट आणि ९ फूट × १ फूट अशा दोन तुकड्यांना चारी बाजूंनी किनार शिवायची तर दोन्हींना २० फूटच शिलाई पडेल. कापड मात्र पहिल्यात २४ चौरस फूट, दुसऱ्यात ९.

आणि "आकृतीत काटकोन दिसतोय ना, मग आहेच" हे कारण सिद्धतेत चालत नाही. पक्षात दिलेलं असेल किंवा आधीच्या पायरीतून निघत असेल, तरच लिहायचं. ५, ७ आणि ८.६ सेंमी बाजूंचा त्रिकोण काढून पाहा. कंपासपेटीतला कोनमापक मोठ्या बाजूसमोरचा कोन ९० अंशच दाखवेल. पण २५ + ४९ = ७४, आणि ८.६चा वर्ग ७३.९६. तो काटकोन त्रिकोण नाही.