शहागंज सोडावे काय? : पुणे, नाशिक, जालना आणि आपले गाव यांचा ताळेबंद

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपले, प्रसाद वाटला गेला आणि दुकानाच्या गादीवर सारे कुटुंब क्षणभर निवांत बसले. तेवढ्यात पुतण्याने हलक्या आवाजात विषय काढला, "काकाजी, आपण पुण्याला जायचे का?" कोणीच काही बोलले नाही. बाबूजींनी नव्या वहीवर ठेवलेला हात तसाच राहिला. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याच्या परिसरात आमच्या कुटुंबाने तीन पिढ्या कापडाचा व्यापार केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न गादीवर उघडपणे विचारला गेला तो त्याच दिवशी.

हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाही. शहागंज, राजाबाजार, गुलमंडी, सिटी चौक, सराफा या भागांतील किती घरांत आज तो मनातल्या मनात विचारला जात असेल! म्हणून गेले वर्षभर आम्ही जी चौकशी केली, जी गावे फिरून पाहिली, त्यांचा ताळेबंद वाचकांपुढे ठेवीत आहे.

स्थलांतर आपल्याला नवे नाही

एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मारवाड किंवा गुजरात येथून आले. 1900 च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि निजामाच्या मुलखातील कापूस, धान्य आणि कापड यांच्या पेठांना नवी वाट मिळाली. गाव निवडताना त्या मंडळींनी आठवडी बाजार पाहिला, विहिरीचे पाणी पाहिले आणि साधु-साध्वींचा विहार त्या वाटेने होतो की नाही, हेही पाहिले. व्यापार, पाणी आणि धर्म या त्यांच्या तीन कसोट्या होत्या. आज आपण त्यांत मुलांचे शिक्षण, विवाह आणि वृद्धांचे औषधपाणी यांची भर घालतो, एवढाच काय तो फरक.

पुणे : मोठा बाजार, मोठे भांडवल

आपल्या गावापासून पुणे सुमारे 235 किलोमीटर. तेथील रविवार पेठ, लक्ष्मी रस्ता, गुलटेकडीचे मार्केट यार्ड ही नावे आपल्याला परकी नाहीत. बिबवेवाडी, मार्केट यार्ड या भागांत जैन घरांची दाट वस्ती आहे, मंदिरे आणि स्थानके आहेत, पाठशाळा आहेत. उच्च शिक्षणासाठी मुलाला घराबाहेर ठेवावे लागत नाही. सून नोकरी करणारी असेल, तर तिच्यासाठीही तेथे संधी आहे. आजच्या विवाहबोलणीत मुलीकडून पहिला प्रश्न गावाचा येतो, हे आपण सारे अनुभवतो. पुण्याचे नाव घेतले की तो प्रश्न सुटतो.

परंतु एक गोष्ट पुण्यात विकत मिळत नाही, ती म्हणजे पत. शहागंजात आपल्या नावावर सुरतेचा व्यापारी माल पाठवतो आणि महिन्यांनी पैसे घेतो. ही पत आजोबांनी दुष्काळातही हुंडी वेळेवर चुकवून मिळवलेली असते. पुण्यातील पेठांत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे व्यापारी बसलेले आहेत. त्यांच्यासमोर नवे दुकान थाटणाऱ्याला पहिली काही वर्षे रोखीवर काढावी लागतात. येथील इमारत विकून तेथे मिळते ते लहानसे दुकान आणि लांबचे घर. पुतण्यासारख्या सनदी लेखापालाला पुणे आजच योग्य आहे. गादीवर वाढलेल्या त्याच्या वडिलांना ते तितके योग्य नाही.

नाशिक : मध्यम मार्ग

नाशिक आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आणि मुंबईला जवळ. हवा चांगली, शहर अजून आवाक्यातले. म्हसरूळजवळ गजपंथा सिद्धक्षेत्र आहे. बागलाणातील मांगीतुंगी जिल्ह्यातच आहे. तेथे 2016 मध्ये भगवान ऋषभदेवांची 108 फूट उंच मूर्ती प्रतिष्ठित झाली. चांदवडच्या जैन शिक्षणसंस्थांची परंपरा जुनी आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांच्या बाजारसमित्यांमुळे शेतमालाच्या व्यापाऱ्याला, तर मालेगाव-येवल्याच्या सान्निध्यामुळे कापड व्यापाऱ्याला नाशिक सोयीचे आहे.

पाण्याच्या बाबतीत तर नाशिककर आपल्या वरच्या अंगाला राहतात. गोदावरीचे पाणी आधी त्यांच्या धरणांत अडते आणि मग जायकवाडीत येते. जायकवाडी पन्नास किलोमीटरवर असूनही आपल्या नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. घरातील स्त्रियांना विचारले, तर स्थलांतराचे पहिले कारण त्या हेच सांगतील. पुरुषांच्या ताळेबंदात मात्र हा खर्च कधीच लिहिला जात नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून टाक्या भरणाऱ्या सुनेच्या श्रमाचे मोल आपण कोणत्या खात्यात धरतो?

जालना : जवळचे आणि जिव्हाळ्याचे

"जालना, सोने का पालना" ही म्हण आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. साठ किलोमीटरवरील हे गाव लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी आणि बियाणे उद्योगाने मोठे झाले. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तेथे महिकोची स्थापना केली. जैन समाज प्रभावी आहे आणि गुरु गणेशलालजी महाराजांच्या समाधिस्थानी दूरदूरहून भाविक येतात. नात्यागोत्याची माणसे असल्यामुळे उधारी आणि ओळख यांचा प्रश्न कमी पडतो. परंतु पाण्याची टंचाई तेथेही आहे आणि ज्या कारणासाठी मुले शहागंज सोडू पाहतात, त्या शिक्षण-नोकरीच्या प्रश्नाला जालना हे उत्तर नाही. उद्योग काढणाऱ्याने तेथे जावे. किरकोळ व्यापार हलवून फारसे काही साधणार नाही.

आपले गाव आणि दूरचा देश

चौथा पर्याय डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. शहागंज सोडणे म्हणजे गाव सोडणे नव्हे. जुन्या मोंढ्याचा मोठा व्यापार जाधववाडीला गेला, तेव्हाही हळहळ झाली होती. आज तेथे ट्रक सुखाने उभे राहतात. सिडको, गारखेडा, उल्कानगरी येथे राहून दुकान जुन्या शहरात चालवणारी घरे कितीतरी आहेत. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई-नागपूर हा 701 किलोमीटरचा रस्ता आपल्या गावाजवळून गेला. शेंद्रा-बिडकीनला नवी औद्योगिक नगरी उभी राहत आहे. ज्या गावाकडे उद्योग येत आहेत, ते गाव व्यापाऱ्याने घाईने सोडावे काय?

आमच्या घरात आणखी एक नाव निघाले, शिकागोचे. धाकटा भाचा तेथे आहे. 1893 च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, ते हेच शहर. त्याच्या बार्टलेट उपनगरात आज मोठे जैन मंदिर आहे, मुलांची पाठशाळा चालते. परंतु पंचमहाव्रती साधु-साध्वी पायी विहार करतात, त्यामुळे तेथे त्यांचा चातुर्मास होऊ शकत नाही. समणी जातात, विद्वान जातात, एवढाच आधार. चौविहाराचेही पाहा. डिसेंबरमध्ये तेथे सायंकाळी सव्वाचार-साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. आपल्या गावी वर्षभरात हा फरक तासा-सव्वा तासाचा. भाचा हसून सांगतो की हिवाळ्यात तो कार्यालयातच डबा उघडतो. धर्म पाळणारा कोठेही पाळतो, हे खरे. परंतु येथे जो सहज पाळला जातो, तो तेथे ठरवून पाळावा लागतो.

ताळेबंद कसा मांडावा?

वर्षभराच्या चौकशीनंतर आमच्या घराने काही गोष्टी ठरवल्या. त्या इतरांनाही उपयोगी पडाव्यात.

पहिली, जुनी जागा विकून नवी घ्यायची नाही. आधी भाड्याने राहून पाहायचे. शक्य असेल तर एक पूर्ण चातुर्मास तेथे काढायचा. मंदिर किंवा स्थानक पायी जाण्याजोगे आहे काय, घरातील वृद्धांना प्रवचनाला एकट्याने जाता येते काय, हे चार महिन्यांत कळते.

दुसरी, व्यापार एकदम हलवायचा नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असल्यास त्याच जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा दाखवता येते. नवी शाखा दोन वर्षे स्वतःच्या पायावर उभी राहिली, तरच पुढचा विचार.

तिसरी, भावाभावांचा हिशेब जाण्यापूर्वी लेखी करायचा. कोण जातो, कोण राहतो, जुन्या इमारतीत कोणाचा किती वाटा, आईवडील कोणाकडे राहतील, हे प्रेम शाबूत असतानाच लिहून ठेवावे. पुढे दुरावा येतो तो बहुधा अंतरामुळे नव्हे, तर न बोललेल्या हिशेबामुळे.

चौथी, घरातील स्त्रियांचे मत शेवटी नव्हे, आधी विचारायचे. आमच्या घरी ते विचारले, तेव्हा सर्वांची समजूत चुकीची निघाली. पुण्याला जायचे ते सुनेला, असे आम्ही धरून चाललो होतो. तिने सांगितले, "मला पुणे नको. रोज पाणी येणारे घर हवे आणि सासूबाई जवळ हव्यात."

पुतण्या पुण्याला गेला. नोकरी करतो, पर्युषणाला येतो. बाकीचे कुटुंब सिडकोत राहायला आले आणि दुकान शहागंजातच आहे. बाबूजींना रोज सकाळी गाडीने आणावे लागते. त्यांनी एकच अट घातली होती, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मला जुन्या गल्लीतच सोडा. या वर्षी त्यांना सोडले. काठी टेकत ते एकेका घरी गेले आणि हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून आले. काही दारांना कुलूप होते. तेथे ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "पुण्यात त्याला अशी दहा घरे झाली, की समज तो तेथे वसला."

समाजबांधवांनो, गावांची तुलना करताना दर, अंतरे आणि सोयी अवश्य मोजाव्यात. मात्र बाबूजींची ही कसोटीही त्या यादीत लिहून ठेवावी. क्षमा मागायला जाता येईल अशी घरे नव्या गावात किती वर्षांत उभी करता येतील, याचा अंदाज घेऊनच सामान बांधावे.