गाडीचे छत कापले तर?

जुन्या पद्मिनीचे छत घरीच कापून ती उघडी करावी, असे एखाद्या हौशी माणसाला वाटते. जीप बिनछताची धावते, मग हरकत काय?

जुन्या जीपखाली पोलादी तुळयांची स्वतंत्र चासी असते. भार ती पेलते. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीला अशी चासी नाही. तिचा तळ, खांब व छत मिळून झालेली पेटीच भार पेलते.

बुटांच्या खोक्याला झाकण चिकटवून ते पिळून पाहा. मग झाकण काढून पिळा. फरक हातालाच कळेल! छत कापलेली गाडी खड्ड्यांत अशीच पिळवटते, दारे नीट लागत नाहीत. उलटली तर डोक्यावर आधार उरत नाही.

म्हणूनच उघड्या मोटारींचा तळ कारखान्यात मुद्दाम बळकट करतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही.