टपाचा रंग

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या आम्ही ऐटबाज विलायती मोटारीच्या टपावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण टप म्हणजे कापड, आणि कापड म्हटले की रंग आलाच. कापड गिरण्यांच्या रंगखात्यातील माणसांत आमचे निम्मे आयुष्य गेले आहे. तेव्हा विषय आम्हांस अगदीच परका नाही.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. ऑक्सफर्डजवळ टेम्स नदीकाठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथे १९६२ ते १९८० या काळात एम. जी. बी. ही उघडी मोटार तयार होत असे. बंद छपराची तिची बहीण धरून पाच लाखांवर गाड्या तेथून बाहेर पडल्या. कारखाना बंद करण्याचे १९७९ साली जाहीर झाले, आणि पुढल्या वर्षी ऑक्टोबरात शेवटची गाडी निघाली. ज्यांनी त्या घडविल्या त्यांचे काम गेले. गाड्या मात्र अद्याप रस्त्यावर आहेत. पत्रा सांधता येतो, इंजिन दुरुस्त होते. टपाचे तसे नाही. ऊन, पाऊस आणि घड्या यांपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून नव्या टपाचा रंग कोणता, हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे केव्हा ना केव्हा येतोच.

रंगाआधी कापड पाहावे. व्हिनाइलचा टप स्वस्त, पाणी आत येऊ देत नाही, पुसला की स्वच्छ. पण थंडीत ताठ होतो व घडीवर चिरतो. दुसरे कापड ‘मोहेर’ या नावाने विकले जाते. मोहेर म्हणजे वस्तुतः अंगोरा बोकडाची लोकर. या कापडात ती औषधालाही नसते! वर विणलेले कापड, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर, अशी ती तीन पदरी रचना आहे. यातल्या चांगल्या प्रतीत वरचे सूत ॲक्रिलिकचे असून, धागा निघण्यापूर्वीच त्याच्या द्रवात रंग मिसळलेला असतो. लाल मुळा आणि गाजर यांत जो फरक, तोच येथे समजावा. मुळ्याचा रंग सालीपुरता. गाजर कोठेही कापा, रंग आतपर्यंत. गडद निळा किंवा लाल टप घ्यायचा असेल तर असेच कापड घ्यावे. एरवी उन्हाने त्याची कळा जाते.

आता रंग. काळा कोणत्याही गाडीला चालतो, मळ लपवितो, आणि गाडी बुटकी, चपळ दिसते. १९७० नंतरच्या बहुतेक एम. जी. बी. गाड्यांना काळाच टप असे. मात्र त्याने आत अंधारते. पांढऱ्याबद्दल आमचे मत चांगले नाही. ओल्या हवेत शिवणीशी बुरशीचे ठिपके धरले की ते जाता जात नाहीत. बदामी किंवा फिकट तपकिरी टप गडद हिरव्या गाडीवर शोभतो. हिरवा हा इंग्रजांच्या शर्यतीच्या गाड्यांचा रंग. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडात झाली, तेव्हा यजमान देशाच्या मानार्थ तो घेतला, असे सांगतात. पण बदामी टप घेणाऱ्याने बैठकी व गालिचा पाहूनच घ्यावा. आत सारे काळे आणि वर बदामी, म्हणजे उसना अंगरखा घातल्यासारखे दिसते.

मूळचे रंग कोणते होते, हे कळण्याची सोय आहे. वॉरिकशायरमधील गेडन येथे ब्रिटिश मोटार संग्रहालय आहे. तेथील दप्तरात कारखान्याच्या जुन्या नोंदी जपल्या असून, चॅसिसच्या क्रमांकावरून गाडीचा मूळ रंग व आतील सजावट यांचा दाखला मिळतो. मालकाने त्या नोंदीचा गुलाम व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पैसे त्याचे, हौस त्याची. पण कोणा कारागिराने ठरवून केलेली जुळणी मोडण्यापूर्वी ती काय होती एवढे तरी विचारावे.

आणि दुकानातल्या दिव्याखाली निर्णय करू नये. गिरणीत रंगाची जुळणी उत्तरेकडच्या खिडकीतील उजेडात पाहण्याची रीत होती, ती उगीच नव्हे. कापडाचा हातभर तुकडा मागून आणावा, गाडीच्या दारावर टाकून सकाळी पाहावा, संध्याकाळी पाहावा, आणि मग पाणी शिंपडून पुन्हा पाहावा. इंग्लंडात टप बहुधा पावसासाठीच चढवितात. तेव्हा मालकाच्या नजरेस तो अधिक वेळा ओलाच पडणार.