मोटारींच्या शर्यती आणि बापानें घातलेली मुदत

मुलगी ट्रॅक्टर चालविते म्हणून चिखली तालुक्यांत आतां कोणी तोंडांत बोट घालीत नाहीं. परंतु तीच मुलगी मोटारींच्या शर्यतींत उतरण्याची इच्छा बोलून दाखवील, तर बापापुढें पहिला प्रश्न पैशाचा उभा राहील. आणि आमच्या मतें तो प्रथम उभा राहणेंच योग्य आहे. ह्या खेळांत मोटार घेतली म्हणजे खर्च संपत नाहीं, तेथून तो सुरू होतो. टायर, इंधन, मिस्त्रीची मजुरी, मोटार शर्यतीच्या गांवीं नेण्याचें भाडें, प्रवेशाची फी, हें सर्व दर हंगामास पुन्हां आहेच. बक्षिसांतून तें बहुधा भरून निघत नाहीं.

पुण्याच्या श्रीमती डायना पंडोले ह्या पूर्वीच्या शिक्षिका, दोन मुलांच्या आई. मोटारींची आवड त्यांस वडिलांपासून लागली. जे. के. टायर कंपनीनें स्त्रियांकरितां चालविलेल्या उपक्रमांतून 2018 सालीं त्या ह्या खेळांत आल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्यें चेन्नई येथें सलून वर्गांतील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून असें पद जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. घर पुण्यास आणि शर्यतीचा मार्ग चेन्नईस! आई तिकडे असतां मुलांचें जेवणखाण व अभ्यास घरच्या माणसांसच पाहावा लागतो. तो खर्च कोणत्याही वहींत मांडला जात नाहीं.

फ्रान्समधील एका शेतकऱ्याचें उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल. अत्तराकरितां प्रसिद्ध असलेल्या ग्रास गांवीं पिएर मूतों ह्यांचा गुलाब व जाईचा मळा होता. त्यांची कन्या मिशेल, जन्म 1951, ही आरंभीं रॅलीच्या शर्यतींत दुसऱ्याशेजारीं बसून वाट सांगे. बापानेंच तिला चालकाच्या जागीं बसण्यास सुचविलें, आल्पीन मोटार घेऊन दिली, एका हंगामाचा खर्च पत्करला, आणि स्पष्ट अट घातली: एका वर्षांत कर्तबगारी दाखीव, नाहीं तर हा नाद सोड. आमचा शहाणा शेतकरी नवें वाण प्रथम एकरभरच पेरतो, तसेंच हें झालें. मुलीच्या हौसेपायीं जमीन गहाण टाकणारा बाप आम्हांस थोर वाटत नाहीं; पण मुदत न घालतां पहिल्याच दिवशीं नकार देणाराही वाटत नाहीं.

मिशेलनें ती मुदत वायां घालविली नाहीं. 1981 सालीं इटलींतील सानरेमो येथें जागतिक मालिकेंतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. 1982 सालीं पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील येथें तिनें जय मिळविला, आणि अजिंक्यपद हाताशीं आलें असतांना, आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर, पिएर कर्करोगानें वारले. मुलीनें शर्यत सोडूं नये हीच त्यांची इच्छा होती. ती उतरली, बराच काळ आघाडीवर राहिली, पुढें अपघातानें तिची मोटार बाद झाली आणि अजिंक्यपद जर्मनीच्या वॉल्टर रोर्लकडे गेलें. त्या वर्षीं ती दुसरी आली.