कोटेशन पाठवलंत, पण पोहोचलं का?



समजा, दिवाळीआधी एका कंपनीने तुमच्याकडे गिफ्ट बॉक्सचं कोटेशन मागितलं. तुम्ही रात्री बसून रेट काढले, स्वतःच्या डोमेनवरून मेल टाकला. आठ दिवस उत्तर नाही. "रेट जास्त वाटला असेल," म्हणून तुम्ही गप्प बसलात. मेल मात्र त्यांच्या स्पॅममध्ये पडून होता. ऑर्डर दुसऱ्याला गेली!

हे टाळायचं असेल तर व्हिडिओत दाखवलेल्या या गोष्टी आजच करा.

१. बाउन्स झालेला मेल वाचा

'मेलर डीमन'कडून आलेला मेल आपण न वाचताच उडवतो. त्यातला आकडा बघा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. स्पेलिंग तपासा, ग्राहकाला फोन करा. ५.७ ने सुरू होणारा कोड आला तर पत्ता बहुतेक बरोबर असतो, पण समोरच्या सर्व्हरने तुमचा मेल नियमांवर बोट ठेवून अडवलेला असतो.

२. डोमेनची ओळखपत्रं लावा

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. आपण छोटे असलो तरी तिन्ही लावून टाका.

एक चूक हमखास होते: नवीन मेल सेवा घेतली की लोक दुसरा एसपीएफ रेकॉर्ड टाकतात. एका डोमेनला एकच चालतो. दोन झाले की तपासणीच फसते. जुन्यातच भर घाला.

३. विकतची यादी नको

त्यात बंद पत्ते भरपूर असतात. बाउन्स आणि स्पॅमच्या तक्रारी वाढल्या की तुमचं साधं बिलसुद्धा अडकतं.

४. न पाठवलेले मेल परत येतायत?

आधी पासवर्ड बदला, सेंट फोल्डर तपासा. तिथे काही नसेल तर बहुधा कोणीतरी तुमचा पत्ता खोटा वापरतंय. तिथे डीमार्कच कामाला येतो.

आता एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा. तिन्हीपुढे 'पास' दिसलं की झालं. आणि हो, मोठं कोटेशन पाठवलं की दुसऱ्या दिवशी फोन कराच!